'सुटलं बिचारं' : एका सांत्वनाचा प्रतिवाद

मराठीत सांत्वनाची जी वाक्ये वापरून वापरून गुळगुळीत झाली आहेत, त्यांत 'सुटलं बिचारं' हे वाक्य सर्वांत निर्दय आहे, असे आमचे मत आहे. स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ मानसिक आजारासह जगणारा माणूस अचानक गेला की भेटायला येणारे बहुतेक जण हेच वाक्य घेऊन येतात. पाठोपाठ दुसरे वाक्य येते : 'आता तुमच्याबी मागचं सुटलं.' आईवडील हयात असतील तर त्यांच्यासमोर आवाज थोडा खाली जातो. मृताच्या भावाशी किंवा बहिणीशी बोलताना मात्र तेवढाही संकोच उरत नाही. भावंडाचे जवळजवळ अभिनंदनच केले जाते.

हे वाक्य वरवर सांत्वनाचे दिसत असले तरी तो एक निवाडा आहे, असे आम्हाला म्हणायचे आहे. गेलेल्याचे आयुष्य शोक करण्याच्या योग्यतेचे नव्हते, असा तो निवाडा. तो केवळ दारात बसलेल्या चार माणसांचा असता तर या जागी त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु वेडाविषयी आणि शोकाविषयी आपले साहित्य, आपली समीक्षा आणि आपले वर्ग जे शिकवत आले आहेत, त्याचा या निवाड्याला भक्कम आधार आहे. म्हणून हा प्रतिवाद साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे मांडत आहोत.

शब्दापासून सुरुवात करू. 'सुटणे' हे क्रियापद मराठीत फार कामाचे आहे. दाव्यातून जनावर सुटते, गाठ सुटते, शाळा सुटते, ग्रहण सुटते, व्यसन सुटते. या सगळ्या ठिकाणी आधी एक बंधन गृहीत धरलेले असते. कर्करोगाने महिनोन्महिने तळमळलेल्या वृद्धाविषयी 'सुटले' म्हणतात तेव्हा ते बंधन देहाच्या वेदनेचे असते, आणि सुटण्याची इच्छा बऱ्याचदा जाणाऱ्याने स्वतःच बोलून दाखवलेली असते. चाळिशी-पंचेचाळिशीतल्या हिंडत्याफिरत्या माणसाविषयी आपण तोच शब्द वापरतो तेव्हा त्याला बांधणारे नेमके काय होते? आजार, असे उत्तर द्यावे तर मधुमेहाने त्याच वयात गेलेल्या माणसाला कोणी सुटला म्हणत नाही. त्याच्यासाठी 'अकाली', 'ऐन उमेदीत', 'घात झाला' हे शब्द राखून ठेवलेले असतात. अर्थ उघड आहे : या माणसाचे जगणे हेच बंधन होते, असे बोलणाऱ्याने ठरवलेले असते.

आमच्या परभणीकडच्या बोलीत हे वाक्य नपुंसकलिंगात येते, याकडेही लक्ष वेधले पाहिजे. लेकराला, वासराला आपण मायेने नपुंसकलिंग लावतो, हे खरे. पण मिशीत पांढरे केस आलेल्या पुरुषाला मृत्यूनंतर 'बिचारं' करणे यात मायेइतकीच पदावनतीही आहे. त्याचे वय, त्याचा बाप्यामाणूस म्हणून घरातला मान आणि भावंडांमधले त्याचे थोरलेपण व्याकरणानेच काढून घेतलेले असते.

वालूरचे उदाहरण आमच्या घरातले आहे. वालूर हे परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील जुने गाव. चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेमुळे अलीकडे ते बाहेरच्यांनाही ठाऊक झाले आहे. हे टिपण लिहिणाऱ्यांपैकी एकाचा थोरला भाऊ तेथे राहत असे. विसाव्या वर्षी, महाविद्यालयात असताना, त्याला आवाज ऐकू येऊ लागले. पुढची सव्वीस वर्षे आजार त्याच्यासोबत राहिला. त्यात वाईट वर्षे होती तशी चांगलीही होती. कापूस वेचणीच्या दिवसांत तो काट्यापाशी बसत असे. कोणत्या बाईने किती किलो वेचले हे त्याला दिवसाच्या शेवटी तोंडपाठ असे आणि कोणाचे अर्धा किलोही इकडचे तिकडे होत नसे. धाकट्याच्या एम.ए.च्या पुस्तकांना त्यानेच वर्तमानपत्राची कव्हरे घातली होती. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्याने दोन दिवस सांगितले की छातीत जड वाटते आणि डावा हात भरून येतो. तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी त्याची जुनी फाईल चाळली, हे मनाचे खेळ आहेत असे सांगितले आणि झोपेची गोळी वाढवून परत पाठवले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. संध्याकाळी अंगणात जमलेले लोक म्हणाले, 'सुटलं बिचारं.'

ज्या माणसाच्या भासांवर कोणी विश्वास ठेवला नाही, त्याच्या खऱ्या दुखण्यावरही ठेवला नाही. हे दुर्दैव एकट्या वालूरचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या माहितीनुसार जगात सुमारे २.४ कोटी लोकांना, म्हणजे दर ३०० माणसांमागे एकाला, स्किझोफ्रेनिया होता. त्यांच्या अकाली मृत्यूची शक्यता इतरांच्या तुलनेत दुप्पट ते तिप्पट असते, आणि हे मृत्यू बहुधा हृदयविकार, चयापचयाचे विकार व संसर्ग यांसारख्या शारीरिक आजारांनी होतात. काही औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते, म्हणून तपासण्या अधिक व्हायला हव्यात. प्रत्यक्षात त्या कमी होतात, कारण रुग्णाची प्रत्येक तक्रार मनाच्या खात्यावर मांडली जाते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांवर महाराष्ट्राने अनेक दशके काढली. त्यांत मराठवाड्यातले एकही नव्हते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने उपचार हा हक्क ठरवला आणि विम्याच्या बाबतीत मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने बसवले. कायद्याच्या लेखी तरी हा माणूस आता पुरता नागरिक आहे. 'सुटलं' हा शब्द मात्र त्याच्या टाळता येण्याजोग्या मृत्यूला नियतीची कृपा ठरवतो आणि विचारायचे सगळे प्रश्न त्याच संध्याकाळी मिटवून टाकतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, सांभाळणाऱ्यांना खरोखरच हायसे वाटते. मग ते बोलून दाखवण्यात गैर काय? वाटत असेल. रात्री-अपरात्री शोधायला निघालेल्या, औषधासाठी मिनतवाऱ्या केलेल्या, गावाची बोलणी ऐकलेल्या माणसाला भार उतरल्याची जाणीव होणे स्वाभाविक आहे. पण ती जाणीव त्याची आहे. ती त्याने स्वतःच्या वेळी, स्वतःच्या शब्दांत उच्चारावी किंवा उच्चारू नये. आणि भार उतरणे व माणूस जाणे या दोन गोष्टी एकाच मनात एकाच वेळी राहू शकतात. बाहेरच्याने पहिलीचा उच्चार केला की दुसरीला तोंड फुटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सुशिक्षित आहे : 'तो तर केव्हाच गेला होता, शोक तेव्हाच होऊन गेला.' पहिल्या झटक्याच्या वेळी भावंडाने काही गमावलेले असते, यात शंका नाही. ज्याच्या मागोमाग आपण शिकणार होतो, ज्याच्या लग्नात मिरवणार होतो, असा एक भाऊ तेव्हा हरवतो. परंतु त्यानंतर जो उरला तो भावाचे अवशेष नव्हता. काट्यापाशी बसून किलोचा हिशेब चोख ठेवणारा, पुस्तकांना कव्हरे घालणारा तो माणूस भाऊच होता. लहानपणीच्या घराची, आईच्या तरुणपणीच्या आवाजाची साक्ष देऊ शकणारा दुसरा माणूस जगात नव्हता. एकदा हरवलेला दुसऱ्यांदा गेला म्हणून दुसरे जाणे हलके होत नाही.

आता साहित्याकडे वळू. गावाच्या नावाचे नाते लोकपरंपरा वाल्मीकींशी जोडते, आणि काव्याच्या जन्माची आपली आद्य कथाही वाल्मीकींचीच : शोकाचा श्लोक झाला. त्याच कवीच्या युद्धकांडात लक्ष्मण रावणाच्या शक्तीने पडतो तेव्हा राम जो विलाप करतो, त्याचा आशय असा की पत्नी आणि आप्तेष्ट देशोदेशी मिळतील, पण सहोदर मिळेल असा देश दिसत नाही. लक्ष्मण सावत्र भाऊ आहे, तरी शब्द सहोदर असाच आहे. मराठीतही भावाचा शोक पहिल्यापासून आहे. आळंदीच्या १२९६ च्या समाधिप्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. त्यांतला निवृत्तीनाथांचा शोक वाचताना गुरुपद गळून पडते आणि थोरला भाऊ तेवढा उरतो. विसाव्या शतकात 'कोसला'मध्ये पांडुरंग सांगवीकराच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू येतो, आणि १९६३ पासून आजवर ती पाने वाचून वर्ग गप्प होत आले आहेत.

परंपरेत भावंडाच्या शोकाला जागाच नाही, असे म्हणता येत नाही ते या उदाहरणांमुळे. प्रश्न जागा कोणाला मिळते हा आहे. लक्ष्मण पराक्रमी आणि सेवातत्पर आहे. ज्ञानदेव ज्ञानदेव आहेत. सांगवीकराची बहीण निष्पाप बालिका आहे. जात्यावरच्या ओव्यांतला भाऊ बहिणीला आणायला येणारा, साडीचोळी करणारा आहे. शोकाला पात्र होण्यासाठी भावाने शूर, थोर, निरागस किंवा निदान देता-घेता असावे लागते. जो बहिणीला आणायला येऊ शकत नाही, जो भाऊबीजेच्या ताटासमोर बसायला नकार देतो, ज्याचे बोलणे घराला घाबरवते, त्याच्यासाठी ओवी नाही आणि विलापिकाही नाही. मराठी विलापिकेने अपत्य, पत्नी, आईवडील, मित्र, पुढारी यांना आपल्या कवेत घेतले. या भावाच्या वाट्याला 'सुटलं' एवढे दोन-अडीच अक्षरांचे काव्य आले.

जागतिक साहित्यातले एक उदाहरण तर फारच बोलके आहे. 'हॅम्लेट' मराठीत आगरकरांच्या 'विकारविलसित'मुळे १८८३ मध्येच आले आणि पुढे गणपतराव जोशांनी ते रंगभूमीवर गाजवले. त्यातली ऑफिलिया वेडी होते आणि अचानक पाण्यात बुडून मरते. तिच्या दफनाच्या वेळी पुरोहित विधी आखडते घेतो, आणि तिचा भाऊ लेअर्टिस पुन्हा पुन्हा विचारतो की आणखी काही करायचे उरले आहे की नाही. वेड्या भावंडाच्या आकस्मिक मृत्यूनंतर भावाला पडणारा हा अगदी पहिला प्रश्न आहे : तिला इतरांसारखा निरोप मिळणार की नाही? पण तेवढ्यात हॅम्लेट पुढे येतो आणि हजारो भावांचे प्रेम एकत्र केले तरी आपल्या प्रेमाची बरोबरी होणार नाही, असे जाहीर करतो. त्यानंतर समीक्षा हॅम्लेटच्या मागे जाते. त्याचे वेड खरे की सोंग यावर ग्रंथ लिहिले गेले. ऑफिलियाच्या फुलांचे प्रतीकार्थ लावले गेले. खऱ्या वेडाच्या शेजारी उभा असलेला भाऊ कथानक पुढे नेणारे, तलवार परजणारे दुय्यम पात्र ठरला. आमच्या मते त्या थडग्यापाशी सर्वांत खरा प्रश्न लेअर्टिसने विचारला आहे, आणि त्याला तेथे उत्तर मिळालेले नाही.

रंगमंचाबाहेर काय घडते, हे १४ नोव्हेंबर २०१९ रोजी पाटण्यात दिसले. बर्कलेहून १९६९ मध्ये पीएच.डी. घेतलेले आणि पुढे दीर्घकाळ स्किझोफ्रेनियाने ग्रासलेले गणिती वशिष्ठ नारायण सिंह यांचे निधन झाले. रुग्णालयाबाहेर शववाहिकेची वाट पाहत थांबलेल्या त्यांच्या भावाची दृश्ये देशाने पाहिली. हळहळ झाली ती मुख्यतः वाया गेलेल्या प्रतिभेची. पुढे मरणोत्तर पद्मश्रीही जाहीर झाली. ती योग्यच होती. पण त्यातून एक नियम घट्ट झाला : वेड्यासाठी रडायचे तर प्रतिभेचा परवाना हवा. त्या भावाने वर्षानुवर्षे ज्याला सांभाळले तो गणिती होता म्हणून सांभाळले नव्हते.

येथे समीक्षेची जबाबदारी सुरू होते. गेली तीसेक वर्षे मराठी चर्चासत्रांत 'स्किझोफ्रेनिक' हे विशेषण मुक्तहस्ताने वाटले जात आहे. महानगर स्किझोफ्रेनिक, मध्यमवर्ग स्किझोफ्रेनिक, कवीची जाणीव स्किझोफ्रेनिक. देल्यूझ आणि ग्वातारी यांनी १९७२ मध्ये भांडवलशाही आणि स्किझोफ्रेनिया यांची सांगड घातली; १९८४ च्या लेखात फ्रेडरिक जेमसनने आधुनिकोत्तर संस्कृतीचे वर्णन करताना तीच संज्ञा वापरली. जेमसनने निदान निराळे ही संज्ञा केवळ वर्णनापुरती घेतली आहे, असा खुलासा तरी केला होता. मराठीत येताना खुलासा गळाला आणि संज्ञा राहिली. तीही चुकीच्या अर्थाने : 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व', एका माणसात दोन माणसे. स्किझोफ्रेनिया म्हणजे ते नव्हे. त्यात भास होतात, भ्रम घट्ट धरून बसतात, विचारांची साखळी तुटते, इच्छाशक्ती ओसरते. माणूस एकच असतो आणि फार एकटा असतो.

रूपक हा साहित्याचा हक्क आहे, असे उत्तर तयार असते. हक्क मान्य. पण सुझन सॉन्टॅगने १९७८ मध्येच क्षय आणि कर्करोग यांच्या रूपकांचा ओझ्यासारखा भार प्रत्यक्ष रुग्णावर कसा पडतो, ते दाखवून दिले आहे. शब्द बदलल्याने काय होते, असे विचारणाऱ्यांनी जपानकडे पाहावे. मनाची फाळणी असा अर्थ असलेले या आजाराचे जुने नाव तेथे २००२ मध्ये अधिकृतपणे बदलले गेले. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये तंतुवाद्याच्या तारा जुळवण्यावरून नवे नाव घेतले. युजेन ब्लॉयलरने १९०८ मध्ये ग्रीक धातूंवरून बनवलेल्या मूळ संज्ञेत 'फाटणे' आहे; आपण 'छिन्नमनस्कता' म्हणून ते इमानेइतबारे मराठीत आणले आणि तिथेच थांबलो. छिन्न झालेल्या गोष्टीचे काय करतात? फेकून देतात, किंवा ती सुटली म्हणतात.

दुसऱ्या टोकाला वेडाचे उदात्तीकरण आहे. संतांचे पिसे, प्रेमिकाचे वेड, द्रष्ट्याचा उन्माद. वेडा शहाण्यांना सत्य सांगतो, हे आपल्या नाटक-कादंबऱ्यांचे आवडते समीकरण. वेड म्हणजे मुक्ती हे एकदा शिकवले की वेड्याचा मृत्यू म्हणजे सुटका हे वेगळे शिकवावे लागत नाही. दोन्ही वाक्यांत तो माणूस आजारी आहे, त्याला उपचार हवे आहेत आणि त्याला भाऊ-बहीण आहेत, एवढेच काय ते गैरहजर असते.

अपवाद आहेत, आणि त्यांची नोंद घेतलीच पाहिजे. कॅनडास्थित डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली आणि तेथे रुग्णांबरोबर कुटुंबीयांनाही बोलण्याची जागा मिळाली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या 'देवराई'मध्ये शेष आणि सीना या भावाबहिणीच्या नात्यातून हा आजार मराठी प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. भाऊ कोण आहे हे बहिणीच्या नजरेतून शोधणारी अशी दुसरी कृती आम्हाला चटकन आठवत नाही. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण संवर्धनाच्या विभागात. देवराई हा त्यातला महत्त्वाचा धागा आहे, हे मान्य केले तरी भावाबहिणीची गोष्ट आपल्या खात्यांच्या यादीत कोठे बसवावी हे कोणालाच कळत नाही, याचे हे सूचक उदाहरण आहे. शिवाय 'देवराई' सोबत जगण्याविषयी बोलते. गेल्यानंतरच्या दिवसांविषयी मराठीत अजून लिहायचे आहे.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये, ज्याला समाज मान्यता देत नाही अशा शोकासाठी एक संज्ञा रूढ केली. आमच्या भागात तिचा अनुवाद सोपा आहे : बेदखल शोक. कसत असलेल्या जमिनीवर नाव नसलेल्या कुळासारखा. भावंडाने आयुष्यभर नाते कसलेले असते. मृत्यूनंतर सातबाऱ्यावर त्याच्या शोकाची नोंद होत नाही. आईवडिलांचे दुःख मोठे मानले जाते, पत्नी असेल तर तिचे. भावाने धीराचे व्हायचे, तिरडीची व्यवस्था पाहायची, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या 'सुटलं'वर मान हलवायची.

साहित्याने समाजसेवा करावी, असे आमचे म्हणणे नाही. साहित्याने आपले काम करावे, एवढीच मागणी आहे. माणसाला त्याच्या नेमकेपणात पाहणे हे जर ते काम असेल, तर वर्गात विलापिका शिकवताना कोणाची विलापिका लिहिली गेली नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे यावा. 'स्किझोफ्रेनिक' हा शब्द शोधनिबंधात आला तर मार्गदर्शकाने त्याखाली रेघ मारून विचारावे : म्हणजे नेमके काय? 'हॅम्लेट' शिकवताना एक तास लेअर्टिसला द्यावा. आणि ज्या विद्यार्थ्याच्या घरी असा भाऊ किंवा अशी बहीण आहे, आणि दर वर्गात असा एखादा तरी असू शकतो, त्याला आपल्या घराविषयी रूपकाशिवाय लिहिता येईल एवढी मोकळीक त्या वर्गात असावी.

राहिला प्रश्न दारात काय बोलायचे याचा. मराठी त्या बाबतीत इतकी गरीब नाही. दुसऱ्या कोणत्याही घरी आपण जे म्हणतो तेच म्हणावे. तुझा भाऊ गेला, फार वाईट झाले. असा कसा अचानक गेला? त्याला काय होत होते? डॉक्टरांनी काय सांगितले? हे प्रश्न विचारावेत आणि उत्तर ऐकेपर्यंत बसावे.